काळोखातील शोध

सदाशिव पेठेतील आमच्या वाड्यात सहावीत शिकणारा एक मुलगा राहतो. कसब्यातील शिकवणीहून परतताना शनिवारवाड्यासमोरचा रस्ता तो हल्ली टाळतो आणि मुद्दाम वळसा घेऊन घरी येतो. कारण विचारले, तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "आजोबा, पौर्णिमेच्या रात्री तिथं 'काका, मला वाचवा' असं ऐकू येतं. टीव्हीवर सांगितलं."

मग तशाच जातीचा एक कार्यक्रम मीही त्याच्या शेजारी बसून पाहिला. तीन-चार माणसे हातांत विजेऱ्या घेऊन एका पडक्या इमारतीत शिरली. कोणी "ऐकलंत?" असे पुटपुटले, चित्र थरथरले, वाद्ये घुमली आणि नेमक्या त्याच क्षणी जाहिराती लागल्या. तासाभराने निवेदक म्हणाला, "हे गूढ अद्याप कायम आहे." मला हसू आले, परंतु मुलगा हसत नव्हता.

मी आवाज बंद करून तोच भाग त्याला पुन्हा दाखविला. निम्मे भूत त्या वाद्यांतच होते! उरलेल्याचीही तपासणी करता येते. त्या माणसांच्या हातातील यंत्राचा काटा हलतो, हे खरे. पण विजेची तार किंवा खिशातील मोबाइल जवळ आला, तरीही तो हलतो. काळोखात चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यापुढून एखादे चिलट गेले, तर प्रकाशाचा गोळा तरंगल्यासारखा दिसतो. जुन्या इमारतींत राहणारे गव्हाणी घुबड तर रात्री अशी किंकाळी फोडते की, नवख्याच्या अंगावर काटा उभा राहावा. हे सारे दिवसाउजेडी जाऊन पाहता येईल; परंतु दिवसा जाणारे शोधपथक माझ्या तरी पाहण्यात आलेले नाही.

भुताच्या गोष्टी सांगू नयेत, असे मी म्हणत नाही. माझ्या आजीच्या वेताळाच्या गोष्टी मला अजूनही आवडतात. पण आजी गोष्टीला गोष्टच म्हणत असे. ती तिला शोध म्हणत नसे. शोध निराळा असतो. हिमालयातील हिममानवाचे म्हणून जपून ठेवलेले केस, हाडे, कातडी असे नऊ नमुने काही शास्त्रज्ञांनी तपासले. २०१७ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : आठ नमुने अस्वलांचे, एक कुत्र्याचा. हिममानव सापडला नाही. परंतु हिमालयातील अस्वलांच्या वंशाविषयी नवी माहिती हाती आली.

आणि शनिवारवाड्याचे म्हणाल, तर तेथील शोध अडीचशे वर्षांपूर्वीच झालेला आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वाड्यातच खून केला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी या खुनाची चौकशी आरंभिली. धागा थेट नारायणरावांचे काका राघोबादादा यांच्यापर्यंत पोहोचला. तेच आता सत्ताधीश होते. तरीही रामशास्त्र्यांनी त्यांना दोषी ठरविले आणि आपले पद सोडून ते पुण्याबाहेर निघून गेले. असा शोध घेण्यास जे धैर्य लागते, ते काळोखात विजेरी फिरविणाऱ्यास लागत नाही. आमच्याच पेठेत १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तेथे अभ्यासक जुने मोडी कागद अक्षर अक्षर लावून वाचीत बसतात. त्यांच्या पाठीमागे वाद्ये वाजत नाहीत, म्हणून त्यांचे काम कोणाला दिसत नाही, एवढेच.

गेल्या रविवारी सकाळी त्या मुलाला घेऊन मी शनिवारवाड्यात गेलो. दिल्ली दरवाजातून आम्ही आत शिरलो. १८२८ च्या आगीत वाडा जळाला. आता आत उरली आहेत ती बहुतेक जोतीच. त्यांवरून तो बराच वेळ हिंडला. मग एकाएकी थांबून त्याने विचारले, "आजोबा, नारायणराव तेव्हा केवढे होते?"

"अठरा वर्षांचे," मी म्हणालो.

"म्हणजे आमच्या दादाएवढेच," तो म्हणाला आणि त्या जोत्यावर गप्प बसून राहिला.