पेनसिल्व्हेनियाची प्राथमिक निवडणूक आणि ‘कॅथलिक मत’

२२ एप्रिल २००८ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षीय प्राथमिक निवडणूक पार पडली. श्रीमती हिलरी क्लिंटन यांना सुमारे १२ लाख ७५ हजार, तर श्री. बराक ओबामा यांना सुमारे १० लाख ६१ हजार मते मिळाली. दूरचित्रवाहिन्यांनी त्या रात्री ‘दहा टक्क्यांचा विजय’ असा पुकारा केला. प्रत्यक्षात ते अंतर नऊ टक्क्यांच्या आसपास होते. मतदानोत्तर पाहणीत मात्र एका आकड्याने सर्वांचे लक्ष वेधून घेतले. कॅथलिक मतदारांपैकी सुमारे ७० टक्के लोकांनी क्लिंटन यांना कौल दिला होता. ‘ओबामा यांना कॅथलिकांनी नाकारले’ असा निष्कर्ष दुसऱ्याच दिवशी सर्वत्र झळकला. तेव्हापासून अमेरिकेत निवडणूक आली की या ‘कॅथलिक मता’ची चर्चा सुरू होते. म्हणूनच पेनसिल्व्हेनियाच्या त्या निकालाकडे पुन्हा एकदा बारकाईने पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपल्याकडे उमेदवार पक्षश्रेष्ठी ठरवितात आणि सामान्य कार्यकर्त्याला तो यादी जाहीर झाल्यावर कळतो. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार राज्याराज्यांतील मतदानातून पुढे येतो. पेनसिल्व्हेनियात ही निवडणूक ‘बंदिस्त’ असते; म्हणजे ज्याने आपले नाव त्या पक्षाचा मतदार म्हणून नोंदविले आहे, त्यालाच त्या पक्षाच्या उमेदवारीसाठी मत देता येते. २००८ साली चुरस एवढी वाढली की डेमोक्रॅट म्हणून नोंदलेल्यांची संख्या राज्यात प्रथमच ४० लाखांवर गेली. मिसिसिपीचे मतदान ११ मार्चला झाले होते. त्यानंतर सहा आठवडे दुसरी मोठी लढत नव्हती आणि सारा देश या एकाच राज्याकडे डोळे लावून बसला होता.

त्या सहा आठवड्यांत बरेच काही घडले. ओबामा यांच्या चर्चचे पाळक जेरेमाया राइट यांच्या प्रवचनांवरून वादळ उठले आणि १८ मार्च रोजी ओबामा यांनी फिलाडेल्फियात वंशभेदाच्या प्रश्नावर प्रदीर्घ भाषण केले. पुढे सॅन फ्रान्सिस्को येथील निधी-संकलनाच्या एका कार्यक्रमातील त्यांचे उद्गार प्रसिद्ध झाले. रोजगार गेलेल्या लहान गावांतील लोक कडवटपणामुळे बंदुका आणि धर्म यांना चिकटून राहतात, अशा आशयाचे ते बोलणे होते. आजीच्या हातची जपमाळ आजही घरात सांभाळून ठेवणाऱ्या खाणकामगारांच्या वंशजांना ते जिव्हारी लागले असल्यास नवल नाही. १३ एप्रिल रोजी ग्रँथॅम येथील मसाया महाविद्यालयात दोन्ही उमेदवारांना श्रद्धेविषयी प्रश्न विचारण्यात आले. आणि १५ ते २० एप्रिल या काळात पोप बेनेडिक्ट सोळावे अमेरिकेच्या भेटीवर होते. वॉशिंग्टन व न्यूयॉर्क येथे त्यांनी लाखो भाविकांचे स्वागत स्वीकारले, संयुक्त राष्ट्रसंघात मानवी हक्कांवर भाषण केले, धर्मगुरूंकडून अत्याचार झालेल्या व्यक्तींची खासगी भेट घेतली. पण दारात येऊन ठेपलेल्या या निवडणुकीविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत.

स्क्रँटन धर्मप्रांताचा परिसर समजून घेतल्याशिवाय हा निकाल कळणार नाही. लॅकावाना आणि लुझर्न हे तेथील दोन कोळसापट्ट्याचे परगणे. आयरिश, पोलिश, इटालियन, स्लोव्हाक अशी गरीब कुटुंबे येथे खाणीत उतरण्यासाठी आली आणि प्रत्येक भाषिक समाजाने आपापले चर्च उभारले. भाषा व चर्चची मालमत्ता यांवरून वादही झाले. पोलिश नॅशनल कॅथलिक चर्च ही रोमपासून विभक्त झालेली शाखा १८९७ मध्ये स्क्रँटनमध्येच जन्मास आली. १९०२ च्या प्रदीर्घ संपात अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी नेमलेल्या लवाद आयोगावर बिशप जॉन स्पॉल्डिंग हे एक सदस्य होते. कामगार संघटना, डेमोक्रॅटिक पक्ष आणि धर्मग्राम ही तिन्ही येथे एकाच घरात नांदली. १९५९ साली नॉक्स खाणीत नदीचे पाणी शिरून बाराजण दगावले आणि त्या खोऱ्यातील खोल खाणींचा काळ संपला; घरे आणि चर्चेस राहिली, रोजगार गेला.

अशा भागात क्लिंटन यांना दोन्ही परगण्यांत सुमारे तीनचतुर्थांश मते पडली. त्यांचे वडील स्क्रँटनचे. कुटुंब मेथडिस्ट पंथाचे असले तरी नाव परिचयाचे होते. मतदारांत वयस्क लोक अधिक होते आणि वयस्क मतदार राज्यभर क्लिंटन यांच्याच बाजूने होते. श्वेतवर्णीयांमध्येही त्यांना सुमारे ६३ टक्के मते मिळाली, तर कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ९० टक्के ओबामा यांच्याबरोबर गेले. पेनसिल्व्हेनियातील बहुसंख्य कॅथलिक श्वेतवर्णीय आहेत. मग त्या ७० टक्क्यांत श्रद्धेचा वाटा किती, वयाचा किती आणि वर्णाचा किती? वर्णाचा वाटा होता, हे मान्य करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही, जरी ते आपल्याच श्रद्धाबंधूंविषयी असले तरी. राज्याच्या ६७ परगण्यांपैकी ओबामा यांनी अवघे सात जिंकले. त्यांतील डेलावेअर परगण्यात व्हिलानोव्हा हे कॅथलिक विद्यापीठ आहे, जेथून आताचे पोप लिओ चौदावे १९७७ मध्ये पदवीधर झाले. कॅथलिक असणे म्हणजे एकाच पेटीत मत टाकणे नव्हे, हे त्या एका परगण्यावरूनही दिसते.

गर्भपाताच्या प्रश्नावर तर हा निकाल काहीच सांगत नाही. दोन्ही उमेदवार गर्भपाताच्या कायदेशीर हक्काचे समर्थक होते. पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर रॉबर्ट केसी हे गर्भातील जीवाच्या रक्षणासाठी आग्रही असलेले कॅथलिक डेमोक्रॅट. सर्वोच्च न्यायालयाचा १९९२ चा प्रसिद्ध निकाल त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याच वर्षी बिल क्लिंटन यांची उमेदवारी पक्की करणाऱ्या अधिवेशनात त्यांना भाषणाची संधी मिळाली नाही. आपल्या या भूमिकेमुळेच असे घडले, असे केसी यांचे म्हणणे होते. त्यांनी क्लिंटन यांना पाठिंबा दिला नव्हता म्हणून, असे आयोजकांचे. त्यांचे पुत्र, सिनेटर बॉब केसी, यांनी मार्च २००८ मध्ये ओबामा यांना जाहीर पाठिंबा दिला. कॅथलिक मतदार त्यांच्यामागे गेले नाहीत.

अमेरिकन बिशपांच्या परिषदेने नोव्हेंबर २००७ मध्येच नागरिकत्वाच्या जबाबदारीविषयी एक निवेदन मंजूर केले होते. कोणाला मत द्यावे, हे आम्ही सांगणार नाही. सदसद्विवेकबुद्धी ख्रिस्तसभेच्या शिकवणीने घडविणे हे आमचे काम, असा त्याचा गाभा. जीवनरक्षणास त्यात अग्रस्थान आहेच. पण गरिबी, युद्ध, स्थलांतरित, वंशभेद हे प्रश्नही नैतिकच आहेत, असे ते बजावते. आपल्या वसई-मुंबईतही निवडणुकीच्या तोंडावर ख्रिस्ती मते ‘एकगठ्ठा’ कोणाला पडणार, याचा हिशोब मांडणारे धर्मगुरूंच्या दारी येतात. तो हिशोब मांडणाऱ्यांनी हे निवेदन वाचावयास हवे.

क्लिंटन यांच्या या विजयाने त्यांच्या पदरात ८५ प्रतिनिधी पडले. ओबामा यांना ७३ मिळाले. प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जात असल्याने दोन लाखांहून अधिक मतांच्या आघाडीची किंमत अवघे बारा प्रतिनिधी ठरली आणि जूनमध्ये उमेदवारी ओबामा यांनाच मिळाली. ऑगस्टमध्ये त्यांनी उपाध्यक्षपदासाठी स्क्रँटनमध्ये जन्मलेल्या, कॅथलिक जो बायडन यांची निवड केली. नोव्हेंबरमध्ये लॅकावाना आणि लुझर्न दोन्ही परगणे ओबामा यांनी जिंकले आणि देशभरातील कॅथलिकांपैकी सुमारे ५४ टक्के लोकांनी त्यांना मत दिले. एप्रिलमध्ये ज्यांना ‘नाकारले’ म्हटले, त्यांनाच सात महिन्यांनी स्वीकारले गेले. पुढे २०१६, २०२० आणि २०२४ या तिन्ही निवडणुकांत लुझर्न डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे गेला. शेजारचा लॅकावाना तिन्ही वेळा डेमोक्रॅटांकडेच राहिला. धर्मप्रांत एक, बिशप एक, कोळशाचा इतिहासही एक.