जमीन दिली, मुदत राहिली

डिसेंबर २०१८ मध्ये सॅन होजेच्या नगरपरिषदेने डिरिडॉन रेल्वे स्थानकालगतची सुमारे १० एकर सार्वजनिक जमीन गूगलला सुमारे ११ कोटी डॉलरना विकण्याचा निर्णय घेतला. त्या सभेत काही विरोधकांनी स्वतःला साखळ्यांनी खुर्च्यांशी जखडून घेतले होते. कार्यालये आली की घरभाडी आकाशाला भिडतील, ही त्यांची भीती होती. आज त्या भीतीकडे पाहताना काहीसे विचित्र वाटते, कारण कार्यालये आलीच नाहीत.

मे २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ‘डाउनटाउन वेस्ट’ आराखड्यात सुमारे ८० एकरांवर ७३ लाख चौरस फूट कार्यालये आणि ४,००० घरे होती. सामाजिक लाभांसाठी २० कोटी डॉलरचे आश्वासन होते. त्याचा मोठा भाग मात्र कार्यालये उभी राहतील तसतसा मिळायचा होता. एप्रिल २०२३ मध्ये पाडकामानंतर काम थांबल्याचे वृत्त आले, तेव्हा या तरतुदीचा अर्थ उघड झाला: जमीन आधी गेली, मोबदल्याचा मोठा हिस्सा खरेदीदाराच्या सवडीवर राहिला.

किमतीवर वाद झाला तेवढा मुदतीवर झाला नाही. महाराष्ट्रात एमआयडीसी भूखंड विकत नाही, दीर्घ भाडेपट्ट्याने देते आणि ठरावीक काळात बांधकामाची अट घालते. ती अट किती पाळली जाते, हा भाग वेगळा. पण अट असली की निदान जाब विचारता येतो. सॅन होजेच्या हाती आज विनंतीखेरीज फारसे काही उरलेले नाही.