'विंग्ज' आणि एक सोयीस्कर गैरसमज

१/ दोन तरुण वैमानिक, एकमेकांचे प्रतिस्पर्धी. युद्ध येते, दोघे आकाशात झेपावतात, वैर विरघळते आणि भरकटलेल्या आयुष्याला हेतू सापडतो. 'विंग्ज' या १९२७ च्या अमेरिकी मूकपटाचे सार अनेकदा असेच सांगितले जाते. हे सार चुकीचे आहे आणि ही चूक निरुपद्रवी नाही.

२/ १६ मे १९२९ रोजी झालेल्या पहिल्याच ऑस्कर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट ठरलेला हा चित्रपट. दिग्दर्शक विल्यम वेलमन पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढाऊ विमान चालवत होते. त्यामुळे 'युद्ध न पाहिलेल्याची कल्पना' म्हणून तो झटकून टाकता येत नाही.

३/ जॅक आणि डेव्हिड एकाच गावचे. दोघांचे प्रेम एकाच मुलीवर. त्यांचे वैर संपते कुठे? प्रशिक्षण छावणीत, मुष्टियुद्धाच्या सरावात. डेव्हिड मार खाऊन पुन्हा उभा राहतो आणि जॅकच्या मनात आदर जागा होतो. फ्रान्स अजून दूर आहे, शत्रूचे एकही विमान दिसलेले नाही. मग या मैत्रीचे श्रेय रणांगणाला कसे द्यायचे?

४/ रणांगण काय करते, तेही चित्रपटातच आहे. सप्टेंबर १९१८, सँ-मियेलची लढाई. शत्रूच्या प्रदेशात अडकलेला डेव्हिड जर्मन विमान पळवून परत निघतो. तो मेला असे समजून सूडाने पेटलेल्या जॅकला फक्त शत्रूचे विमान दिसते. तो गोळ्या झाडतो. डेव्हिड त्याच्याच मिठीत, त्याला क्षमा करून, प्राण सोडतो. वैर माणसांनी संपवले होते. मित्र युद्धाने संपवला.

५/ 'हा तर निव्वळ भावनाट्याचा अतिरेक', असा आक्षेप येईल. २८ ऑक्टोबर १९१६ आठवावा. जर्मनीचे ख्यातनाम वैमानिक ओस्वाल्ड बोल्के त्या दिवशी ब्रिटिश विमानांशी लढत होते. ऐन धुमश्चक्रीत त्यांचेच सहकारी आणि मित्र एर्विन ब्यॉमे यांच्या विमानाची चाके बोल्केंच्या पंखाला लागली. बोल्के कोसळून ठार झाले. ब्यॉमे वाचले, पण शोकाने खचले. पुढच्याच वर्षी तेही लढतीत पडले.

६/ दुसरा आक्षेप 'आकाशातील शूरवीरां'चा. चित्रपटातला जर्मन वैमानिक डेव्हिडची बंदूक अडकलेली पाहून त्याला सोडून देतो. प्रत्यक्षातही ब्रिटिशांनी बोल्केंसाठी विमानातून पुष्पचक्र टाकले होते. हे खरेच. पण बोल्केंनीच घालून दिलेले नियम काय सांगत? सूर्य पाठीशी ठेवा, शक्यतो मागून हल्ला करा. पुष्पचक्र मेलेल्यासाठी होते. जिवंत शत्रूसाठी हे नियम होते.

७/ आणि 'शूरवीरां'ची कदर किती? ब्रिटिश सैन्यात बलूनमधल्या निरीक्षकांना हवाई छत्री मिळत होती, विमानातल्या वैमानिकांना मात्र युद्ध संपेपर्यंत मिळाली नाही. जळत्या विमानातून सुटकेचा मार्ग नव्हता.

८/ दोष चित्रपटाकडेही जातो. डेव्हिडची आई जॅकला माफ करते, दोष त्याचा नसून युद्धाचा आहे असे मानते. चित्रपटाचे सार या प्रसंगात आहे. पण त्यानंतर जॅकला प्रेयसी मिळते आणि प्रेक्षक हसतमुखाने घरी जातो. गैरसमजाला जागा या गोड शेवटानेच करून दिली.

९/ उरतो 'हेतू'. त्या अखेरच्या उड्डाणात जॅकइतका हेतू स्पष्ट असलेला माणूस शोधून सापडणार नाही. तो हेतू सूडाचा होता, युद्धानेच त्याच्या हाती दिलेला. आणि त्या हेतूने अचूक वेध घेतला तो नेमका त्याच्या मित्राचा. युद्ध माणसाला घडवते असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा एकदा पाहावा.