काटकपणाचे कौतुक पुरे, सरावाचे काय?

२०२५ च्या जूनमध्ये अल ऐन येथे भारताच्या महिला आइस हॉकी संघाने आशिया चषकात कांस्यपदक जिंकले. संघातील बहुतेक मुली लडाखच्या. क्रिकेटच्या गदारोळात ही बातमी कोपऱ्यात गेली, त्याचे आम्हाला नवल वाटले नाही. आमचे लक्ष वेधले ते कौतुकाच्या एका ठराविक सुराने. ‘डोंगरातल्या मुली, जात्याच काटक!’ असा तो सूर.

हे कौतुक आम्हाला नवे नाही. उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या बाईबद्दल, धक्क्यावरच्या हमालाबद्दल, गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराबद्दल हीच भाषा पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. ‘त्यांना सवय असते.’ एकदा का माणूस जात्याच काटक ठरला की त्याला हातमोजे नकोत, डॉक्टर नको, विश्रांती नको. म्हणून शरीराचे असे कौतुक झाले की आम्ही सावध होतो.

आइस हॉकी हा नुसत्या काटकपणावर खेळायचा खेळ नाही. पायात पोलादी पाते, खाली बर्फ, हातात काठी आणि समोरून ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने येणारी कडक रबराची चकती. खेळाडू मैदानात उतरतो तो साधारण पाऊण मिनिटासाठी, जीव तोडून पळतो आणि बाकावर परततो. वीस-वीस मिनिटांच्या तीन डावांत हे पुन्हा पुन्हा. त्यातून स्केटिंगचा रेटा सरळ पुढे नसतो, तो बाजूला असतो. पाय बाहेर फेकला जातो आणि त्याला आवरून परत आत आणण्याचे काम जांघेतल्या स्नायूंना करावे लागते. ते दुबळे असतील तर तुटतात. याला नशीब म्हणत नाहीत.

अमेरिकेत संशोधकांनी नॅशनल हॉकी लीगच्या एका संघातील खेळाडूंची ताकद हंगामापूर्वी मोजली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पाय आत ओढणारे स्नायू जर बाहेर नेणाऱ्या स्नायूंच्या ८० टक्क्यांहून कमी ताकदीचे असतील, तर जांघेची दुखापत होण्याचा धोका १७ पट वाढतो. पुढे अशा खेळाडूंना हंगामाआधी सहा आठवडे नेमका व्यायाम दिला. आधीच्या दोन हंगामांत ११ दुखापती झाल्या होत्या, नंतरच्या दोन हंगामांत ३. त्यासाठी काही कोट्यवधींची यंत्रे लागली नाहीत. जांघेसाठी आज जगभर शिकवला जाणारा एक व्यायाम तर जोडीदाराच्या साह्याने सतरंजीवरही होतो. एकाने कुशीवर आडवे होऊन कोपरावर भार द्यायचा, दुसऱ्याने त्याचा वरचा पाय धरायचा, आणि पहिल्याने त्या पायाच्या जोरावर कंबर उचलून खालचा पाय वर आणायचा. नॉर्वेतील फुटबॉलपटूंवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याने जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी घटला.

मग अडते कोठे? व्यायाम फुकट आहे, पण तो कोणाला, कधी, किती द्यायचा हे सांगणारा प्रशिक्षक फुकट नसतो. दुखापत झाल्यावर घाईने मैदानात ढकलू नका, असे ठणकावून सांगणारा फिजिओथेरपिस्ट फुकट नसतो. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर. कारझूसारख्या तलावावर खेळण्याजोगा बर्फ मिळतो तो जेमतेम दोन महिने. म्हणजे या खेळाडूचे खरे घडणे उरलेल्या दहा महिन्यांत, बर्फाबाहेर, व्हायला हवे. एका पायावर तोल सांभाळून बसण्या-उठण्या, बाजूला उड्या, मानेची ताकद, थोड्या वेळाच्या जोरकस धावा आणि मध्ये विश्रांती. ते न करता आठ-दहा महिन्यांनी एकदम बर्फावर उतरवले तर शरीर मोडणारच. मग मोडल्यावर ‘मुलगी कमी पडली’ म्हणायला आपण मोकळे!

या मुलींचा संघ २०१६ मध्ये प्रथम आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला तेव्हा पैशांसाठी लोकवर्गणीची हाक द्यावी लागली होती. मार्च २०१७ मध्ये बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला ४-३ असे हरवून पहिला विजय मिळवला. आणि डेहराडूनचे बंदिस्त बर्फाचे मैदान? २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी ते उभारले, स्पर्धा संपल्या आणि ते वर्षानुवर्षे बंद पडून राहिले. २०२५ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात ज्या मुलींचे खेळण्याचे वय निघून गेले त्यांचा हिशेब कोणत्याही फाइलीत सापडणार नाही.

श्रीमंत देशांत सारे आपोआप झाले असेही कोणी समजू नये. माँट्रियलचा गोलरक्षक जॅक प्लांट याने १ नोव्हेंबर १९५९ रोजी चेहरा फाटल्यावर मुखवटा चढवला, तेव्हा त्याचा प्रशिक्षकच विरोधात होता. मुखवटा घालणारा भित्रा, ही समजूत. १९६८ मध्ये बिल मास्टरटन डोक्याच्या दुखापतीने गेला, तरी हेल्मेटची सक्ती आली १९७९ मध्ये, तीही फक्त नव्याने येणाऱ्यांना. २०२३ मध्ये इंग्लंडात शेफिल्डला स्केटचे पाते मानेला लागून ॲडम जॉन्सन मरण पावला, तेव्हा कोठे मानेच्या संरक्षणाचा नियम जगभर हलला. कॅनडात अकरा-बारा वर्षांच्या मुलांना अंगावर धडकण्याची मुभा होती. २०१० मध्ये आल्बर्टा आणि क्वेबेक या प्रांतांच्या तुलनेत दिसले की जेथे मुभा, तेथे मेंदूला हादरा बसण्याचा धोका तिपटीहून अधिक. बंदी आली २०१३ मध्ये.

आणि विली ओरी. १८ जानेवारी १९५८ रोजी बोस्टनकडून खेळून नॅशनल हॉकी लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरलेला हा माणूस उजव्या डोळ्याने जवळजवळ आंधळा होता. दोन वर्षांपूर्वी चकती लागून डोळा गेला होता. त्याने ते लपवले, कारण सांगितले असते तर दार बंद झाले असते. आम्ही त्याच्या जिद्दीला सलाम करतो. पण ज्याच्यासाठी दार आधीच अर्धे मिटलेले आहे त्याला आपली दुखापत लपवावी लागते, हेही त्यातूनच कळते. लेहच्या मुलीचा गुडघा दुखत असेल तर ती कोणाला सांगेल? संघातील जागा गेली तर पुढची संधी बर्फ पडल्यावर, पुढच्या वर्षी.

आमची मागणी साधी आहे. खेळ मंत्रालयाने आणि लडाख प्रशासनाने लेहमध्ये बारमाही शक्ती-प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट पगारी नेमावेत, महिला असतील तर उत्तम. हंगामापूर्वी प्रत्येक खेळाडूची जांघ, गुडघा आणि मान यांची ताकद तपासावी, आणि दुखापत सांगितली म्हणून कोणाला संघातून वगळले जाणार नाही, हे निवडीच्या नियमांत लिहून द्यावे. पदकाचे फोटो काढून झाले असतील तर या कामाला लागायला हरकत नाही.