विषाणूचे रूपक आणि इतिहासाची संहिता

माध्यमांतराविषयी बोलताना 'लागण', 'भेसळ', 'विषाणू' ही शब्दावली आपल्या समीक्षेत आता रुळली आहे. मूळ साहित्यकृती निरोगी आणि चित्रपट हा तिच्यात शिरलेला रोग, असे त्यामागचे गृहीत. त्यातून चित्रपट अद्भुताचा असेल आणि त्याने भूतकाळाला हात लावला असेल, तर निदानापूर्वीच निकाल लागलेला असतो. रूपक वापरायचे तर त्याचा आधार काय, हे तरी पाहावे, एवढीच प्रस्तुत लेखकाची तक्रार आहे.

फ्रेड कोहेन यांनी १९८३ मध्ये प्रयोगाने दाखविलेला संगणकीय विषाणू स्वतःच्या नावाने वावरत नाही. विश्वासातल्या आज्ञावलीला तो चिकटतो. ती चालविली की तोही चालतो आणि स्वतःच्या प्रती काढतो. लागण आज्ञावलीला होते, नुसता मजकूर निरुपद्रवी असतो, असा समज बरीच वर्षे होता. 'कन्सेप्ट' या विषाणूने १९९५ मध्ये तो मोडला. 'वर्ड'मधील दस्तऐवज नुसता उघडला, तरी लागण होऊ लागली. येथे 'दस्तऐवज' या शब्दापाशी इतिहासाच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावे.

आता 'तुंबाड' (२०१८) पाहू. शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबरीची आठवण देणारे. कथाबीज नारायण धारपांचे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी ते १९९३ मध्ये आपल्या विदर्भातल्याच नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकले, असे त्यांनीच सांगितले आहे. धारपांची 'आजी' ही कथाही स्टीफन किंग यांच्या 'ग्रामा'वरून (१९८४) बेतलेली मानली जाते. या साखळीतले 'निरोगी मूळ' नेमके कोणते? हस्तर हा देव कोणत्याही पुराणात नाही. चित्रपटाने तो घडविला आणि उघडपणे घडविला. पेंडशांच्या कादंबरीचे एक अक्षरही त्याने बिघडले नाही, आणि खोतीचा इतिहास लिहिताना हा चित्रपट पुरावा म्हणून कोणी पुढे करणार नाही. ज्याला चिकटण्यासाठी विश्वासू यजमान लागत नाही, त्याला विषाणू कसे म्हणावे?

यजमान शोधायचा तर तो ऐतिहासिक कादंबरीत शोधावा. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' (१९७२) या कादंबरीवर 'बाजीराव मस्तानी' (२०१५) बेतला, तेव्हा वादळ उठले ते 'पिंगा' या नाचावरून. पेशव्यांच्या घरातील स्त्री अशी नाचेल काय, हा प्रश्न रास्तच होता. पण तो नाच चित्रपटीय आहे हे न कळणारा प्रेक्षक कोण? बाजीराव-मस्तानी यांच्या एकांतातील संभाषणे, काशीबाईंच्या मनातील घालमेल यांना कोणत्या कागदाचा आधार आहे, हे मात्र कोणी विचारले नाही. मस्तानीविषयीची समकालीन साधने किती तुटपुंजी आहेत, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. ती पोकळी कादंबरीकाराने कल्पनेने भरली. तो त्याचा अधिकारच आहे. पण सन, सनावळ्या, खलिते, मायने यांच्या सोबतीने आलेली ती कल्पना वाचकाच्या मनात इतिहास म्हणूनच चालू लागते. (एम.ए.च्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना याचा पुरावा वेगळा द्यावयास नको.) कादंबरीबद्दल आदर ठेवूनही हे म्हणता येते. आपली समीक्षा मात्र दिंडी दरवाजावर पहारा देते आणि वेस उघडी टाकते.

याउलट जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा घ्या. गंगाधरपंत इतिहासाचे प्राध्यापक. अपघातानंतर ते अशा जगात जागे होतात, जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकले आहे. ग्रंथालयात आपलेच खंड वाचता वाचता इतिहास कोठे वळला ते त्यांना सापडते, आणि पुरावा म्हणून हाती राहते बखरीचे एक फाटके पान: विश्वासरावांना लागलेली गोळी तेथे कानाजवळून निघून गेलेली आहे. कल्पिताने दस्तऐवजाचे रूप घेतले आहे खरे, पण आपण कोठे चिकटलो आहोत तो सांधा त्याने उघडा ठेवला आहे. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईत विश्वासराव पडले, हे पक्के माहीत असल्याखेरीज या कथेतील गंमतच कळत नाही. म्हणजे ती वाचकाकडून आधी इतिहासाची मागणी करते. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, तो पानिपतपर्यंतच्या पत्रांचा. आणि बखरींवर आंधळा विश्वास ठेवू नये, हे बजावून. बखरीचे पान हाती आल्यावर त्याची झडती घ्यावी लागते, हा राजवाड्यांचा धडा पेशवाईवरील आपल्या कित्येक कादंबऱ्यांपेक्षा एका विज्ञानकथेने अधिक गांभीर्याने गिरविला आहे. संगणकावरील 'व्हायरस' या विषयावर कादंबरी लिहिणारे लेखकही तेच, हा योगायोग टीकाकारांच्या ध्यानात आलेला दिसत नाही.

या कथेचा इंग्रजी अनुवाद एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात गेला. पदव्युत्तर मराठीच्या वर्गात मात्र अद्भुत आणि विज्ञानकथा 'लोकप्रिय साहित्य' या कोपऱ्यात बसविल्या जातात, आणि ऐतिहासिक कादंबरी मानाच्या पाटावर. 'राऊ' शेजारी 'गंगाधरपंतांचे पानिपत' ठेवून दोन्ही संहिता एकाच तासाला वाचण्यास अभ्यास मंडळांची हरकत असेल, तर ती त्यांनी कारणांसह लेखी मांडावी.