विश्लेषण : सॉफ्टवेअर कंपन्यांना स्वतःचं ‘कोठार’ का लागतं? रिपॉझिटरी मॅनेजर बसवताना चूक कुठे होते?

८ सप्टेंबर २०२५ ला जे घडलं, त्याची सुरुवात एका ई-मेलने झाली. जगभरातले प्रोग्रॅमर जिथून तयार कोड उचलतात, त्या ‘एनपीएम’च्या नावाने आलेला हा मेल खोटा होता. टू-फॅक्टर लॉगिनची माहिती अद्ययावत करा, असं त्यात लिहिलं होतं. एका प्रोग्रॅमरने ती भरली आणि त्याचं खातं हल्लेखोरांच्या हाती गेलं. मग ‘चॉक’, ‘डीबग’ अशा १८ पॅकेजेसमध्ये क्रिप्टो वॉलेटचे पत्ते बदलणारा कोड घुसवण्यात आला. ही नावं सामान्य माणसाने कधी ऐकलेली नसतात. पण या पॅकेजेसची एकत्रित डाउनलोड संख्या आठवड्याला २०० कोटींच्या वर आहे.

हा प्रकार काही तासांतच उघड झाला. पण आठवडाभरात ‘शाय-हुलुद’ नावाचा वर्म आला. तो प्रोग्रॅमरच्या मशीनवरचे पासवर्ड आणि टोकन चोरायचा आणि त्याच टोकनच्या जोरावर त्याच्या इतर पॅकेजेसमध्ये स्वतःला घुसवायचा. ५०० हून अधिक पॅकेजेसना त्याची लागण झाली. नोव्हेंबरमध्ये त्याची दुसरी लाट आली.

तेव्हापासून कंपन्यांमध्ये एक जुनाच प्रश्न नव्याने विचारला जातोय. आपण हा माल थेट बाहेरून का आणतो?

माल येतो कुठून?

आजचं कुठलंही ॲप कुणी पहिल्या ओळीपासून लिहीत नाही. तारीख दाखवणं, फोटो लहान करणं, पासवर्ड तपासणं, या सगळ्याचे तयार तुकडे मिळतात. जावास्क्रिप्टसाठी एनपीएम, जावासाठी मेव्हन सेंट्रल, पायथनसाठी पायपीआय, कंटेनरसाठी डॉकर हब. हे तुकडे आणून, जोडून चालतं सॉफ्टवेअर तयार करणं म्हणजे ‘बिल्ड’. प्रोग्रॅमर एक तुकडा मागतो, त्या तुकड्याला आणखी दहा लागतात, त्या दहांना आणखी. बघता बघता शेकडो पॅकेजेस मशीनवर उतरतात आणि ती कुणी वाचलेली नसतात.

हे दुकान बंद झालं तर? मार्च २०१६ मध्ये नावाच्या वादावरून चिडलेल्या एका प्रोग्रॅमरने एनपीएमवरची आपली सगळी पॅकेजेस काढून टाकली. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या ११ ओळींचा कोड होता. जगभरातले बिल्ड तुटले आणि एनपीएमला तो कोड स्वतःहून परत आणावा लागला. नोव्हेंबर २०२० मध्ये डॉकर हबने लॉगिन न करता वापरणाऱ्यांना सहा तासांत १०० डाउनलोडची मर्यादा घातली. ज्या ऑफिसात सगळ्यांचं इंटरनेट एकाच पत्त्यावरून बाहेर जातं, तिथे ही मर्यादा सकाळच्या चहाआधीच संपू शकते.

मधलं कोठार काय करतं?

रिपॉझिटरी मॅनेजर म्हणजे कंपनीच्या आत बसवलेला एक सर्व्हर. कुणी पॅकेज मागितलं की तो बाहेरून आणतो, एक प्रत स्वतःकडे ठेवतो आणि पुढच्या माणसाला तीच देतो. याला ‘प्रॉक्सी’ म्हणतात. कंपनीने स्वतः लिहिलेली पॅकेजेस वेगळ्या ‘होस्टेड’ कप्प्यात राहतात. आणि दोन्ही मिळून एकच पत्ता देणारा तिसरा कप्पा म्हणजे ‘ग्रुप’. आर्टिफॅक्टरीमध्ये यांनाच रिमोट, लोकल आणि व्हर्च्युअल अशी नावं आहेत.

बाहेरचं दुकान बंद पडलं तरी आणलेला माल हाताशी राहतो. शिवाय हिशेब राहतो. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४जे’मधलं भगदाड समोर आलं, तेव्हा अनेक कंपन्यांचे दिवसच्या दिवस ‘हे आपल्याकडे नक्की कुठे कुठे आहे’ हे शोधण्यात गेले. ज्यांच्याकडे सगळा माल एकाच दारातून येत होता, त्यांना निदान शोध कुठून सुरू करायचा हे माहीत होतं. भारतातही आता हा हिशेब मागितला जातो. सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी, म्हणजे ‘एसबीओएम’, कशी ठेवावी याची मार्गदर्शक तत्त्वं सर्ट-इनने २०२४ मध्ये काढली आणि सेबीच्या सायबर सुरक्षा चौकटीतही या यादीचा समावेश आहे.

निवडायचा कोणता?

सोनाटाइपचा नेक्सस आणि जेफ्रॉगची आर्टिफॅक्टरी ही दोन मोठी नावं. नेक्ससच्या मोफत आवृत्तीत बरेच प्रकार चालतात, पण २०२५ पासून किती घटक ठेवायचे आणि दिवसाला किती मागण्या करायच्या यावर मर्यादा आहे. आर्टिफॅक्टरीची मोफत आवृत्ती मुख्यतः मेव्हन-ग्रेडलसारख्या जावाच्या जगापुरती आहे, एनपीएम हवं तर पैसे मोजावे लागतात. कोड आधीच गिटलॅबवर किंवा ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गूगलच्या क्लाउडवर असेल, तर त्यांचीच सोय वापरून पाहणं शहाणपणाचं. फक्त एनपीएम लागत असेल तर ‘व्हर्डाच्चो’ हा छोटा मोफत पर्याय पुरतो. जुने लेख वाचून कुणी अपाची आर्किव्हा बसवायला निघालं असेल तर थांबावं, तो प्रकल्प २०२४ मध्ये निवृत्त झाला.

तुलनेचे तक्ते बघण्यात मात्र लोक फार वेळ घालवतात. खरी चूक बसवताना होते.

कोठार असूनही चोरी कशी झाली?

फेब्रुवारी २०२१ मध्ये ॲलेक्स बिर्सान या सुरक्षा संशोधकाने एक प्रयोग जाहीर केला. कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजेसची नावं त्याने इकडून तिकडून जमवली. मग त्याच नावांची आपली पॅकेजेस त्याने एनपीएम, पायपीआयसारख्या सार्वजनिक ठिकाणी टाकली, फक्त आवृत्तीचा आकडा मोठा ठेवला. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, पेपाल, टेस्ला अशा ३५ हून अधिक कंपन्यांच्या आत त्याचा कोड चालला. त्याचा हेतू चांगला होता, त्याला बक्षिसंही मिळाली.

हे घडलं कसं? घरचा आणि बाहेरचा माल एकाच ‘ग्रुप’मध्ये मिसळला की दोन्हीकडे एकाच नावाचं पॅकेज दिसतं. मग अनेक साधनं मोठा आकडा म्हणजे नवा माल, असं मानून बाहेरचं उचलतात. कोठार होतं, पण दारावरच्या माणसाला घरचं कोण आणि परकं कोण हे सांगितलंच नव्हतं.

उपाय अवघड नाही. घरच्या पॅकेजेसना कंपनीचा स्वतःचा उपसर्ग द्यायचा आणि तो सार्वजनिक ठिकाणी आपल्या नावावर नोंदवून ठेवायचा. या उपसर्गाची कुठलीही मागणी बाहेर जाणार नाही, असा नियम प्रॉक्सीवर लावायचा. नेक्ससमध्ये याला ‘राउटिंग रूल’ म्हणतात, आर्टिफॅक्टरीत ‘एक्सक्लूड पॅटर्न’. पहिल्याच दिवशी करायचं हे काम नंतर कुणी करत नाही.

दुसरी गोष्ट, मागचं दार बंद करायचं. बिल्ड सर्व्हरवरून एनपीएम किंवा मेव्हन सेंट्रलला थेट जाता येत असेल, तर एक चुकीची सेटिंग सगळी व्यवस्था ओलांडून जाते. तो रस्ता फायरवॉलवरच अडवावा लागतो.

तिसरी, नव्या आवृत्तीला काही दिवस बाहेर थांबवायचं. सप्टेंबर २०२५ ची विषारी पॅकेजेस लवकर पकडली गेली, त्यामुळे ज्यांनी चार दिवस वाट पाहिली असती त्यांना काहीच झालं नसतं. ‘पीएनपीएम’ने त्याच महिन्यात अशी सेटिंग आणली. पण लॉग४जेसारख्या वेळी दुरुस्त आवृत्ती तासाभरात हवी असते. तेव्हा हा नियम कुणी मोडायचा, हे आधी ठरलेलं नसेल तर टीम स्वतःच्याच कुलपाबाहेर उभी राहते.

आणखी एक गोष्ट पटकन ध्यानात येत नाही. एनपीएमने विषारी पॅकेज काढून टाकलं तरी कोठारातली प्रत तशीच राहते. लेफ्ट-पॅडच्या वेळी जो गुण वाचवणारा ठरला असता, तोच इथे उलटतो. त्यामुळे बातमी आली की प्रॉक्सीतली ती आवृत्ती हाताने काढून अडवावी लागते.

आणि सांभाळणार कोण?

हा सर्व्हर स्वतःही एक सॉफ्टवेअरच आहे. मे २०२४ मध्ये नेक्सस ३ मध्ये असं भगदाड सापडलं होतं, की लॉगिनशिवाय सर्व्हरवरच्या फाइल वाचता येत होत्या. म्हणून तो उघड्या इंटरनेटवर ठेवू नये आणि अपडेट चुकवू नयेत. बॅकअप घेताना डेटाबेस आणि फाइलचा साठा एकाच वेळचा हवा, नाहीतर परत उभारताना दोन्ही जुळत नाहीत. एकदा प्रसिद्ध केलेली आवृत्ती कुणाला पुन्हा लिहिता येऊ नये. आणि रोजच्या कच्च्या बिल्डची साफसफाई लावली नाही, तर डिस्क भरते आणि सगळ्यांचं काम एकदम थांबतं.

पाच जणांच्या टीमकडे या कामासाठी माणूस नसेल, तर क्लाउडवरची तयार सेवा घेणं आणि आवृत्त्या पक्क्या करणारी लॉकफाइल काटेकोरपणे वापरणं, हे दुर्लक्षित पडलेल्या स्वतःच्या सर्व्हरपेक्षा बरं. मात्र घरच्या नावांचा नियम तिथेही लावावाच लागतो.