लक्षण, हळद आणि पेटंट

वाचकांस स्मरत असेल कीं, १९९५ सालच्या मार्च महिन्यांत अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास एक पेटंट मिळालें. हळदीची पूड दिली असतां जखम भरून येते, हा त्या पेटंटाचा विषय होता. सांगलीच्या हळदपेठेशेजारीं राहणाऱ्या कोणत्याही आजीबाईस तें ऐकून हसूंच आलें असतें. परंतु कायदा हसण्यानें बदलत नाहीं, त्यास पुरावा लागतो. डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं दिल्लीच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें १९९६ सालीं ह्या पेटंटास आव्हान दिलें आणि संस्कृत, उर्दू व हिंदी लेखांसह ३२ आधार पुढें मांडले. १९९७ च्या ऑगस्टांत अमेरिकेच्या पेटंट कचेरीनें तो दावा फेटाळला.

ही कथा आपल्या घरोघर अभिमानानें सांगितली जाते, व तें योग्यच आहे. परंतु तींतील अर्धा धडा शिकावयाचा राहून गेला आहे, असें आम्हांस वाटतें. तो दावा हरला तो कशामुळें? त्यांत असत्य असें कांहीं होतें म्हणून नव्हे. दोष होता तो त्याच्या मर्यादेंत. ज्यांनीं लहानपणीं तर्कसंग्रह घोकला असेल त्यांना लक्षणाचे तीन दोष आठवत असतील : अव्याप्ति, अतिव्याप्ति आणि असंभव. गाईचें लक्षण ‘शिंगें असणें’ असें केलें तर म्हैसही त्यांत शिरते, ही अतिव्याप्ति. ‘कपिलवर्ण असणें’ असें केलें तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. ‘एकच खूर असणें’ असें म्हटलें तर एकही गाय सांपडावयाची नाहीं, हा असंभव. पेटंटाच्या अर्जांतील दावा म्हणजे आपल्या शोधाचें लक्षणच होय. मिसिसिपीच्या दाव्यास अतिव्याप्तीनें मारलें. जगास आधींच ठाऊक असलेली गोष्ट त्यानें आपल्या कुंपणांत घेतली होती.

अतिव्याप्तीचा दोष आपल्या ध्यानांत लवकर येतो, कारण तो दुसऱ्यानें केलेला असतो. आपले लोक पडतात ते अव्याप्तींत.

वाळवें तालुक्यांतील एका एकत्र कुटुंबांतून आम्हांस नुकतेंच एक पत्र आलें आहे. घरच्या इंजिनियर पुतण्यानें हळद शिजविण्याचें एक यंत्र केलें आहे. वडील काकांचा आग्रह असा कीं, तें येत्या कृषिप्रदर्शनांत मांडावें म्हणजे मागणी येईल. पुतण्या म्हणतो, आधीं पेटंट घ्यावें. आणि त्याचे वडील म्हणतात, शेजाऱ्यानें नक्कल केली तर करूं द्यावी, विद्या कुलुपांत ठेवणें आपल्या घराला शोभत नाहीं. यंत्रासाठीं घरची ठेव मोडली आहे, म्हणून प्रश्न केवळ तत्त्वाचा नाहीं.

ज्यांच्या घरीं हळद नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों. काढलेली ओली हळद मऊ होईपर्यंत शिजवून मग उन्हांत वाळवितात. पूर्वीं हें काम मोठ्या कढईंत होई. आतां वाफेचीं पिंपेंही पुष्कळ ठिकाणीं आहेत. कमी शिजली तर वाळल्यावर ठिसूळ होते, जास्त शिजली तर रंग बिघडतो. खालून वाफ सोडली कीं खालचा थर आधीं शिजतो आणि वरचा मागें राहतो. वरचा शिजावा म्हणून वाफ वाढवावी तर खालचा बिघडतो. पुतण्यानें पिंपांत तीन जाळीदार ताटें बसवून तीं वरखालीं फिरविणारा एक दांडा लाविला आहे. युक्ति चांगली आहे.

येथें आम्हांस एका रशियन गृहस्थाचें स्मरण झालें. गेनरिख आल्तशुलर १९२६ सालीं ताश्कंदास जन्मले आणि बाकू शहरांत वाढले. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅस्पियन समुद्रावरील आरमारांत शोधांचे अर्ज तपासण्याचें काम त्यांच्याकडे होतें. शोध हा दैवी स्फूर्तीनेंच लागतो, हें त्यांस पटेना. हजारों पेटंटें वाचून त्यांनीं पाहिलें कीं, निरनिराळ्या धंद्यांतील शोधकांनीं त्याच त्या थोड्या युक्त्या पुनःपुन्हा वापरल्या आहेत. देशांतील शोधकार्याच्या दुर्दशेविषयीं त्यांनीं स्टॅलिनला पत्र लिहिलें. पुढें १९५० सालीं त्यांस अटक झाली व उत्तरेकडील व्होर्कुटाच्या छावणींत पाठविलें गेलें. १९५४ सालीं सुटल्यावर दोनच वर्षांनीं, १९५६ सालीं, शापिरो ह्या मित्रासह त्यांनीं आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. १९९८ सालीं ते वारले. त्यांच्या पद्धतीस ‘ट्रिझ’ म्हणतात. तींत ४० युक्त्या आहेत, आणि कोणत्या अडचणींत कोणती आधीं पाहावी ह्याचें एक मोठें कोष्टकही आहे.

ह्या पद्धतीचें मर्म ‘विरोध’ ह्या एका शब्दांत आहे. एक गुण सुधारूं गेलें कीं दुसरा बिघडतो, तेथें सामान्य कारागीर मध्यावर तडजोड करतो. आल्तशुलर म्हणतात, तडजोड करूं नका, विरोधच नाहींसा करा. ह्याचें उदाहरण दूर शोधावयास नको. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस १९१६ सालीं ओगले बंधूंचा कांचकारखाना निघाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रांत घरोघर गेला. वादळांत टिकणाऱ्या कंदिलाची मूळ रचना परदेशांतली, पण ती पाहण्यासारखी आहे. ज्योतीस वारा पाहिजे, नाहीं तर ती गुदमरते. ज्योतीस वारा नको, नाहीं तर ती विझते. कांचेला कमीजास्त भोकें पाडीत बसणें ही झाली तडजोड. कंदिलांत बाजूच्या पोकळ नळ्यांतून हवा वळसा घालून ज्योतीकडे येते. झोत बाहेर राहतो आणि हवा आंत पोंचते. दोन्ही मागण्या एकाच दाराशीं भांडत होत्या, त्यांना दारेंच निराळीं दिलीं.

सांगलीजवळ हरिपुरास, कृष्णा-वारणेच्या संगमाशीं, जमिनींत खणलेलीं हळदीचीं पेवें होतीं. आदर्श शोध तो, कीं ज्यांत यंत्र नसतें आणि काम मात्र होतें, असें आल्तशुलर म्हणत. त्या आदर्शास आमच्या पाहण्यांत पेवाइतकें जवळ गेलेलें दुसरें कांहीं नाहीं. तोंड बंद केलें कीं आंतली हवा आपोआप निःसत्त्व होते आणि किडीला जगतां येत नाहीं. ना औषध, ना पंखा. (अशाच हवेमुळें पेव उघडल्याबरोबर आंत उतरणें माणसाच्याही जिवावर बेततें, हें लक्षांत ठेवावें.) २००५ च्या महापुरानें ह्या पेवांची फार हानि केली. सांगलीच्या हळदीस २०१८ सालीं भौगोलिक निर्देशाची नोंदणी मिळाली, ती गांवाच्या नांवाची राखण करते, युक्तीची करीत नाहीं. आणि पेवावर आज कोणी पेटंट मागूं म्हणेल तर मिळणार नाहीं. आमच्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या ३ ऱ्या कलमांत परंपरागत ज्ञान हा शोध नव्हे असें पुढें स्पष्टच घातलें गेलें आहे.

आतां पुतण्याच्या दाव्याकडे वळूं. त्यानें मसुद्यांत लिहिलें आहे : पिंप, खालून वाफ, तीन जाळीदार ताटें, आणि तीं वरखालीं करणारा दांडा. पेटंटाच्या व्यवहारांत सामान्य नियम असा कीं, दाव्यांतील प्रत्येक अंग ज्याच्या यंत्रांत असेल तोच नक्कल करणारा ठरतो. एक अंग गाळलें कीं तो सुटला. शेजारच्या गांवचा हुशार लोहार काय करील? तो दांडाच काढून टाकील. ट्रिझमध्यें हीच छाटणीची रीत आहे : यंत्रांतील एकेक भाग मनानें काढावा आणि त्याचें काम उरलेल्यांपैकीं कोण करील हें विचारावें. ताटें फिरावयाचीं कशासाठीं? प्रत्येक थरास सारखी वाफ मिळावी म्हणून. मग ताटें स्थिर ठेवून वाफच आळीपाळीनें खालून व वरून सोडली तर? एक नळी आणि एक तोटी वाढेल, दांडा जाईल, आणि यंत्र स्वस्त होईल. पुतण्याचें पेटंट कपाटांत राहील आणि बाजार लोहाराचा होईल. तेंच मधोमध भोकें पाडलेली उभी नळी घालूनही साधेल.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, लोहारानें करावयाचें तें पुतण्यानेंच आधीं करावें. स्वतःच्या यंत्राचा शत्रु होऊन बसावें, पूर्वपक्ष आपणच मांडावा. ज्या ज्या वाटेनें तोच परिणाम साधतो, त्या सर्व वाटा अर्जाच्या वर्णनांत याव्या, आणि त्यांतील समान तत्त्व मुख्य दाव्यांत यावें. दांडा, तोटी, नळी हीं गौण दाव्यांत. मात्र ‘वाफेनें हळद सारखी शिजविणें’ इतका पसरट दावा करूं नये. वाफेचीं पिंपें आधींच आहेत. ती म्हैस गोठ्यांत घेतली कीं मिसिसिपीची गत.

आणखी एक लाभ आहे. शोध ‘सहज सुचण्यासारखा’ होता, हा आक्षेप परीक्षक नेहमीं घेतो. त्या वेळीं, पूर्वींची पिंपें कोणत्या विरोधापाशीं अडलीं होतीं आणि आपण तो कसा सोडविला, हें अर्जांत नीट सांगितलेलें असलें तर उत्तर देण्यास जमीन मिळते. उलट कोष्टकांतून युक्ति काढली म्हणजे ती शोध झालीच, असें कोणी समजूं नये. कोष्टक जुन्या काळच्या यंत्रांवरून बांधलेलें आहे आणि त्याची पोथी करणारेही लोक आहेत. रूपावलि पाठ असणारा प्रत्येक विद्यार्थी कवि होत नाहीं, हें आम्ही चाळीस वर्षें पाहिलें आहे.

वडिलांच्या आक्षेपाबद्दल आमचें मत निराळें आहे. पेटंट म्हणजे विद्या कुलुपांत घालणें नव्हे. पेटंट मागणारास आपली कृति सर्वांना समजेल अशी लिहून द्यावी लागते, आणि अर्जापासून २० वर्षांनीं ती सर्वांची होते. कुलुपांत असते ती न लिहिलेली विद्या, आणि आपल्या देशांतील कितीतरी विद्या तशाच मालकाबरोबर सरणावर गेल्या. ज्यास शेजाऱ्यांना फुकट द्यावयाचें आहे, त्यानें पेटंट घेऊनही खुशाल द्यावें.

काकांनीं मात्र घाई करूं नये. प्रदर्शनांत यंत्र मांडलें कीं तें लोकांस ठाऊक झालें आणि त्याचें नवेपण बहुधा संपलें. सरकारनें राजपत्रांत जाहीर केलेल्या कांहीं प्रदर्शनांपुरती १२ महिन्यांची सवलत कायद्यांत आहे. प्रत्येक तालुक्याच्या प्रदर्शनास ती लागू होत नाहीं. त्याऐवजीं आधीं तात्पुरतें वर्णनपत्र दाखल करावें. एकट्या व्यक्तीस संगणकावरून अर्ज करण्याची फी १६०० रुपये आहे. परीक्षणाची फी निराळी, आणि जाणत्या वकिलाची त्याहून निराळी. तात्पुरत्या पत्रानंतर पूर्ण वर्णन देण्यास १२ महिने मिळतात. तेवढ्या अवधींत हळदीचा एक हंगाम येतो. त्यांत तोटीची आणि नळीचीही परीक्षा घेतां येईल, आणि कोणतें यंत्र खरोखर विकावयाचें हेंही कळेल. पत्र दाखल झाल्यावर काकांनीं पिंप खुशाल प्रदर्शनांत न्यावें. तोटीचें यंत्र मात्र त्या पत्रांत आलें नसेल तर तें घरींच ठेवावें.